विनिपेगचा पूर पावसाविना कसा येतो?

(सांगलीच्या एका वाचकांनी एकाच नदीविषयी सात प्रश्न पाठवले आहेत. एका पत्रातला एकच प्रश्न घ्यायचा, हा या सदराचा शिरस्ता. पण हे प्रश्न एकमेकांत असे अडकलेले आहेत की एकाला हात घातला की पुढचा आपोआप ओढला जातो. म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे.)

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई कॅनडात विनिपेगला राहतात. त्यांच्या गावातून रेड नावाची नदी जाते. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि तिला पूर येतो तो एप्रिलमध्ये, चांगले ऊन पडायला लागल्यावर, असे मुलगी फोनवर सांगते. पाऊस नसताना पूर येतो कसा? आणि नदी उत्तरेकडे कशी काय वाहते?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. नकाशात उत्तर दिशा वर छापतात, म्हणून ही नदी चढण चढते आहे असे वाटते. जमिनीचा उतार जिकडे तिकडे पाणी, मग ती उत्तर का असेना. नाईलही उत्तरेकडेच जाते.

रेड नदी सुरू होते ती अमेरिकेत, नॉर्थ डकोटातले वाहपेटन आणि मिनेसोटातले ब्रेकेनरिज या समोरासमोरच्या गावांपाशी. तिथे बॉइस डी सू आणि ऑटर टेल या दोन नद्या एकत्र येतात. पुढे या दोन राज्यांची सीमा आखत ती फार्गो आणि ग्रँड फोर्क्स या शहरांवरून जाते, पेंबिनाजवळ कॅनडात शिरते, विनिपेगच्या मध्यभागी पश्चिमेकडून येणाऱ्या असिनिबॉइन नदीला पोटात घेते आणि विनिपेग सरोवराला मिळते. सरोवराचे पाणी नेल्सन नदीने हडसन उपसागरात जाते. रेडची लांबी सुमारे ८८५ किलोमीटर. एवढ्या प्रवासात ती उतरते फक्त सत्तरेक मीटर, म्हणजे किलोमीटरमागे आठ सेंटिमीटर. सीमेजवळ तर काही टापूत हा उतार दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. घराच्या गच्चीला पाणी निघून जावे म्हणून गवंडी जो ढाळ देतो, तोही याच्या कितीतरी पट असतो.

आता पूर. तिथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पडेल तो बर्फ जागच्या जागी साठतो. चार-पाच महिन्यांचे पाणी असे जमिनीवर पडून असते. हिवाळ्याआधी शरदात पाऊस जास्त झालेला असेल तर माती भिजलेल्या अवस्थेतच गोठते आणि वसंतात वितळलेले पाणी आत मुरू देत नाही. ऊन तापू लागते ते आधी दक्षिणेत. फार्गोकडचा बर्फ वितळून पाणी उत्तरेकडे निघते, तेव्हा खालच्या अंगाला नदी अजून गोठलेलीच असते. फुटलेल्या बर्फाच्या लाद्या वळणांवर आणि पुलांच्या खांबांशी अडकतात, त्यांच्यामागे पाणी तुंबते. उतार नाही, त्यामुळे तुंबलेले पाणी पुढे पळत नाही, आडवे पसरते. बर्फ वितळायच्या ऐन दिवसांत वरून पाऊस पडला तर संकट दुप्पट होते, पण पूर यायला पाऊस हवाच असे नाही. मुलीने सांगितले ते बरोबर आहे. ऊन हेच पुराचे कारण.

प्रश्न : जमीन एवढी सपाट कशी? डोंगर कुठे गेले?

उत्तर : तिथे डोंगर कुठे जाण्याचा प्रश्न नाही, कारण रेडचे तथाकथित खोरे हे खोरेच नाही. नदीने ते कोरलेले नाही. तो एका सरोवराचा तळ आहे.

हिमयुग संपत आले तेव्हा उत्तरेकडचा प्रचंड हिमस्तर मागे सरकू लागला. पाण्याला उत्तरेची वाट बर्फाने अडवलेली, दक्षिणेला जमीन उंच. मधल्या खोलगट भागात सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी पाणी साठू लागले. वॉरेन अपहॅम या भूवैज्ञानिकाने १८७९ मध्ये या नाहीशा झालेल्या सरोवराला अगासीझ हे नाव दिले. हिमयुगाची कल्पना जगाच्या गळी उतरवणारा लुई अगासीझ याच्या स्मरणार्थ. काही काळ हे सरोवर उत्तर अमेरिकेतल्या आजच्या पाचही महासरोवरांच्या बेरजेपेक्षा मोठे होते. ते भरून वाहू लागले की दक्षिणेकडच्या एका खिंडीतून पाणी बाहेर पडे. त्या लोंढ्याने कोरलेल्या रुंद दरीत आज मिनेसोटा नदी एवढीशी दिसते.

ती खिंड अजून आहे आणि पाहण्यासारखी आहे. ब्राउन्स व्हॅली नावाचे छोटे गाव तिच्यात वसलेले आहे. गावाच्या एका बाजूला ट्रॅव्हर्स तलाव, दुसऱ्या बाजूला बिग स्टोन तलाव. ट्रॅव्हर्सचे पाणी रेडमधून हडसन उपसागराला, बिग स्टोनचे मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला. खंडाचे पाणी दोन समुद्रांत वाटणारी ही जागा म्हणजे एखादी पर्वतरांग असेल अशी आपली समजूत असते. इथे एक सपाट गाव आहे.

सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी उत्तरेकडचा बर्फ पूर्ण फुटला आणि सरोवर हडसन उपसागरात रिकामे झाले. मागे राहिला तो शतकानुशतके संथ बसलेला गाळ. कित्येक मीटर जाडीची, जवळजवळ आडवी बसलेली चिकणमाती. रेड नदी त्यावरून वाहते ती सरोवर गेल्यानंतर, म्हणजे भूशास्त्राच्या हिशोबात अगदी काल. तिने अजून स्वतःची दरी कोरलेलीच नाही. तिच्या उथळ पात्राबाहेर पाणी आले की त्याला अडवायला काठाशी काही नसते. १९९७ च्या पुरात विनिपेगच्या दक्षिणेला जे पाणी पसरले त्याची रुंदी सुमारे ४० किलोमीटर होती. लोकांनी त्याला रेड सी म्हटले. मला तर हे जुने अगासीझ सरोवरच काही आठवड्यांसाठी परत आल्यासारखे वाटते. आणखी एक खोडी निसर्गाने केली आहे. बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन ओझे उतरल्यापासून हळूहळू वर येते आहे आणि उत्तरेकडे जास्त वेगाने येते आहे. म्हणजे नदीचा आधीच नसल्यासारखा असलेला उतार आणखी कमी होत चालला आहे.

त्या मातीबद्दल एक गोष्ट तुम्हाला जवळची वाटेल. मृदाशास्त्रात आपली दख्खनची काळी जमीन आणि विनिपेगभोवतीची जड चिकणमाती या दोन्ही व्हर्टिसॉल या एकाच गणात बसतात. आपली बेसॉल्ट झिजून झालेली, त्यांची सरोवराच्या गाळाची. गुण मात्र तेच. उन्हात भेगाळते, पाण्याने फुगते, बुटाला चिकटली की सुटत नाही आणि घराचा पाया हलवते. पीकही भरघोस देते. गहू तर आहेच, शिवाय साखरेचे बीट. मूरहेडला मुख्यालय असलेली अमेरिकन क्रिस्टल ही साखर कंपनी १९७३ मध्ये बीट उत्पादक शेतकऱ्यांनी विकत घेतली आणि तिची सहकारी संस्था केली. सांगलीकरांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

प्रश्न : पाणी खरोखर लाल असते का?

उत्तर : नाही. मातकट, गढूळ तपकिरी.

प्रश्न : अशा पुराच्या जागी लोकांनी मुळात शहर वसवलेच का?

उत्तर : कारण पूर दरवर्षी येत नाही आणि व्यापार मात्र दरवर्षी असतो. जगातल्या बहुतेक पूरग्रस्त शहरांचे उत्तर हेच आहे. पण इथे त्याचा तपशील रंजक आहे.

रेड आणि असिनिबॉइनच्या संगमाला आज द फोर्क्स म्हणतात. तिथल्या उत्खननात सहा हजार वर्षांपूर्वीच्या वावराच्या खुणा मिळाल्या आहेत. क्री, असिनिबॉइन, ओजिब्वे, डकोटा या लोकांचा हा राबता. मासेमारी, देवाणघेवाण आणि पश्चिमेकडे रानगव्यांच्या शिकारीला जाण्याची वाट. गोऱ्यांपैकी ला व्हेरेन्द्री हा फ्रेंच १७३८ मध्ये तिथे पोचला. सगळा मुलूख कागदावर हडसन बे कंपनीचा होता. इंग्लंडच्या राजाने १६७० मध्ये, स्वतः कधी न पाहिलेला, तिला देऊन टाकलेला.

१८११ मध्ये लॉर्ड सेलकर्क या स्कॉटिश उमरावाने कंपनीकडून इथे प्रचंड जमीन मिळवली आणि पुढच्याच वर्षापासून स्कॉटलंड-आयर्लंडमधले भूमिहीन कुटुंबकबिले नदीकाठी आणायला सुरुवात केली. पहिले हिवाळे त्यांनी काढले ते स्थानिकांच्या मदतीवर. ओजिब्वेंचा पुढारी पेग्विस याचे नाव त्या संदर्भात आजही घेतले जाते. १८१७ मध्ये सेलकर्कने त्याच्यासह पाच पुढाऱ्यांशी जमिनीचा करार केला. त्याआधी, १८१६ च्या जूनमध्ये, वसाहतवाले आणि प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनीच्या बाजूचे मेटी यांच्यात सेव्हन ओक्सला चकमक होऊन वीसहून अधिक माणसे मारली गेली होती.

मेटी कोण, ते सांगायला हवे. फ्रेंच किंवा स्कॉटिश व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संततीतून उभा राहिलेला हा स्वतंत्र समाज. भाषा, पोशाख, संगीत त्यांचे स्वतःचे. त्यांच्या दुचाकी बैलगाड्यांत खिळादेखील लोखंडाचा नसे, सगळे लाकूड आणि कातडे. चाकाला वंगण घातले तर त्यावर धूळ बसून आस झिजतो, म्हणून घालत नसत. अशा शेकडो गाड्यांचे तांडे फर आणि कातडी घेऊन पेंबिनावरून दक्षिणेला सेंट पॉलपर्यंत जात. त्यांचा करकर आवाज म्हणे कोसभर आधी ऐकू येई. या वाटा कुठून काढल्या? जुन्या अगासीझ सरोवराच्या किनाऱ्यावर लाटांनी जे वाळूचे उंचवटे सोडले होते, त्यांच्यावरून. तळातल्या चिखलात चाके रुतत, जुन्या किनाऱ्यावर नाही.

रेडच्या काठी जमिनीचे वाटपही नदी पाहून होत असे. प्रत्येकाला काठाचा अरुंद पट्टा आणि मागे दोन मैल लांब जमीन. नदी हाच रस्ता, नदी हेच पाणी, त्यामुळे प्रत्येकाच्या दारात नदी हवी. १८६९ मध्ये हडसन बे कंपनीने हा मुलूख तीन लाख पौंडांना कॅनडाला विकला. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारले नाही. लगेच मोजणीदार आले आणि चौकोनी तुकडे पाडायला लागले. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी पंचविशीतला लुई रिएल आणि त्याचे सोबती मोजणीदारांच्या साखळीवर पाय देऊन उभे राहिले. त्या एका कृतीतून हंगामी सरकार उभे राहिले, कॅनडाशी वाटाघाटी झाल्या आणि १८७० मध्ये मॅनिटोबा हा प्रांत जन्माला आला. मेटींना मुलाबाळांसाठी १४ लाख एकर जमिनीचे वचन मिळाले. ते ज्या ढिसाळपणे पाळले गेले त्यावर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सरकारला दोषी धरले. रिएलला मात्र पुढच्या उठावाबद्दल १८८५ मध्ये फाशी झाली. त्याची कबर रेडच्या काठी सेंट बॉनिफेसच्या कॅथेड्रलच्या आवारात आहे आणि फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी त्याच्या नावाने मॅनिटोबात सुट्टी असते. तुमच्या मुलीने ती घेतली असेल.

नदीवर पहिली आगबोट आली तीही वेगळ्याच मार्गाने. सेंट पॉलच्या व्यापाऱ्यांना रेडवर बोट हवी होती, पण मिसिसिपी आणि रेड एकमेकींना मिळत नाहीत. तेव्हा अॅन्सन नॉर्थप नावाच्या माणसाने मिसिसिपीवरची आपली बोट सुटी केली, भर हिवाळ्यात बैलांकडून बर्फावरून ओढत रेडच्या काठाला आणली, पुन्हा जोडली आणि १० जून १८५९ रोजी फोर्ट गॅरीला, म्हणजे आजच्या विनिपेगला, नेऊन लावली. पुढची वीसेक वर्षे आगबोटींची. १८७७ मध्ये कॅनडाच्या गवताळ मैदानावरचे पहिले रेल्वे इंजिनही तराफ्यावरून याच नदीने आले. म्हणजे आपल्या धंद्यावर पाणी फिरवणारी वस्तू बोटींनी स्वतःच वाहून आणली. पुढच्याच वर्षी सेंट पॉलची रेल्वे येऊन पोचली.

पण या सगळ्यात पूर होताच. १८२६ च्या वसंतात आला तो नोंदलेल्या पुरांत सर्वांत मोठा. विनिपेगपाशी प्रवाह २ लाख २५ हजार क्युसेक असावा असा अंदाज आहे. वसाहतीची घरे वाहून गेली, लोक आसपासच्या उंचवट्यांवर जाऊन राहिले. वसाहतीत आलेल्या स्विस कुटुंबांपैकी बरीचशी त्या पुरानंतर कायमची अमेरिकेत निघून गेली. १८५२ ला पुन्हा, १८६१ ला पुन्हा.

आता या इतिहासातला माझ्या मते सर्वांत बोलका प्रसंग. खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे रेड नदी कुठे ओलांडणार? मुख्य अभियंता सँडफर्ड फ्लेमिंग याने जुन्या पुरांची माहिती काढली आणि सांगितले, विनिपेगला नको, उत्तरेला सेलकर्क गावापाशी काठ उंच आहेत, पूल तिथे बांधा. सल्ला अचूक होता. विनिपेगच्या व्यापाऱ्यांना तो परवडणारा नव्हता. त्यांनी गावच्या खर्चाने पूल बांधून दिला, रेल्वे कंपनीला कर माफ केला, जमीन दिली. १८८१ मध्ये मार्ग विनिपेगवरून ठरला. काही वर्षांतच विनिपेग हे पश्चिम कॅनडाचे प्रवेशद्वार झाले आणि सेलकर्क गावच राहिले. अभियंत्याचा हिशोब दीडशे वर्षांचा होता, व्यापाऱ्यांचा दहा वर्षांचा. दोन्ही बरोबर निघाले.

प्रश्न : १९९७ च्या पुरात अमेरिकेतले एक अख्खे शहर बुडाले आणि शिवाय जळाले, असे वाचले. हे कसे?

उत्तर : ते ग्रँड फोर्क्स. त्या हिवाळ्यात तिथे आठ हिमवादळे झाली. शेवटचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बर्फ वितळायला लागलेला असताना. राष्ट्रीय हवामान सेवेने फेब्रुवारीअखेरपासून पाणी ४९ फुटांपर्यंत चढेल असा अंदाज दिला होता. शहराने त्याहून थोडी जास्त उंचीचे बांध घातले, वाळूच्या पोत्यांच्या भिंती रचल्या. पाणी चढले ५४.३५ फुटांपर्यंत. १८ एप्रिलला बांध ओलांडले गेले आणि सुमारे पन्नास हजारांचे शहर जवळजवळ पूर्ण रिकामे करावे लागले. दुसऱ्या दिवशी पाण्यात उभ्या असलेल्या एका इमारतीला आग लागली. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या अग्निशामक जवानांच्या नळांना मात्र पाणी नव्हते. शहराच्या मध्यवस्तीतल्या ११ इमारती जळाल्या. त्यांत ग्रँड फोर्क्स हेरल्ड या दैनिकाची इमारतही होती. हेरल्डने शेजारच्या एका गावातल्या शाळेत कचेरी मांडली, अंक सेंट पॉलला छापून आणला आणि एकही दिवस चुकवला नाही. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले.

अंदाज पाच फुटांनी चुकला, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. पाच फूट चुकणे हा त्या नदीच्या बाबतीत फार मोठा गुन्हा नव्हता. खरी चूक अशी की ४९ हा एकच आकडा लोकांसमोर आला. तो किती पुढेमागे होऊ शकतो हे त्याच्यासोबत कुणी सांगितले नाही आणि लोकांनी तो आकडा म्हणजे हमी मानली. पुराच्या विम्याकडेही त्यामुळे बहुतेकांनी पाठ फिरवली. आता तिथे पुराचा अंदाज शक्यतेच्या टक्केवारीत देतात.

पूर ओसरल्यावर शहराने एक अवघड निर्णय घेतला. नदीलगतच्या शेकडो घरांची जागा विकत घेतली, घरे पाडली, नवे बांध नदीपासून मागे सरकवले आणि मधल्या पट्ट्यात सुमारे २,२०० एकरांचे मोकळे मैदान ठेवले. एरवी लोक तिथे फिरतात, सायकल चालवतात. पूर आला की ती जागा नदीची.

प्रश्न : त्याच पुरात विनिपेग कसे वाचले? मुलगी म्हणते शहराला वळसा घालणारा एक कोरडा कालवा आहे.

उत्तर : आहे. त्याची गोष्ट १९५० च्या पुरापासून सुरू होते. त्या वसंतात विनिपेगमधून सुमारे एक लाख माणसे हलवावी लागली. नुकताच आमदार झालेला डफ रॉब्लिन हे सगळे पाहत होता. १९५८ मध्ये तो मॅनिटोबाचा प्रीमियर, म्हणजे प्रांताचा मुख्यमंत्री झाला आणि त्याने शहराच्या पूर्वेकडून पुराचे पाणी वळवणारा कालवा काढायचे ठरवले. विरोधकांनी त्याला वेड्यात काढले. एवढा पैसा अशा चरासाठी, ज्यात बहुतेक वर्षे पाणीच नसणार! कालव्याला डफचा चर हे टोपणनाव तेव्हाच चिकटले. काम १९६२ मध्ये सुरू झाले, १९६८ मध्ये संपले. लांबी ४७ किलोमीटर, साडेसात कोटी घनमीटरहून अधिक माती उपसली, खर्च ६ कोटी ३० लाख डॉलर. त्यातला निम्म्याहून जास्त केंद्र सरकारचा. कालवा पुरा झाला तेव्हा रॉब्लिन पदावरून गेलेला होता. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, तो पहिल्यांदा वापरावा लागला.

त्याची रचना साधी आहे. शहराच्या दक्षिणेला नदीच्या तळाशी दोन अवाढव्य दरवाजे आडवे निजवलेले असतात. बोटी त्यांच्यावरून जातात. पूर आला की ते हळूहळू वर उचलतात. त्यामुळे मागचे पाणी चढते आणि बाजूच्या कालव्याच्या तोंडातून आत शिरते. शहरातून जाईल तेवढेच पाणी नदीत सोडायचे, बाकीचे कालव्यातून वळसा घालून लॉकपोर्टजवळ पुन्हा नदीत. एरवी कालव्यात गवत उगवते, शेतकरी ते कापून गठ्ठे बांधतात आणि एका ठिकाणी त्याच्या काठाच्या उतारावर हिवाळ्यात लोक स्कीइंग करतात.

१९९७ मध्ये पाणी जसेच्या तसे आले असते तर शहरात प्रवाह १ लाख ६३ हजार क्युसेकच्या घरात गेला असता. कालवा ६० हजार क्युसेकसाठी आखलेला. त्या वर्षी त्याने आखलेल्याहून जास्त पाणी नेले. पण एक भीती वेगळीच निघाली. सपाट जमिनीवरून पाणी पश्चिमेकडून कालव्याच्या बांधाला वळसा घालून शहरात मागच्या दाराने येईल. म्हणून ब्रुंकिल्ड गावाच्या दिशेने सुमारे ४० किलोमीटरचा मातीचा बांध सैनिक आणि स्वयंसेवकांनी रात्रंदिवस राबून काही दिवसांत उभा केला. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा तो खरवडू नयेत म्हणून समोर जुन्या शाळेच्या बसगाड्या आणि मोडकी शेतीयंत्रे ओळीने लावली. शहर वाचले.

नंतर २००५ पासून कालवा रुंद करून त्याची क्षमता १ लाख ४० हजार क्युसेक केली. आता सातशे वर्षांतून एकदा येईल असा पूर तो पेलू शकतो. मॅनिटोबा सरकारचा हिशोब असा की कालव्याने आजवर ४० अब्ज डॉलरहून जास्त नुकसान टाळले.

या यशाची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. दरवाजे उचलले की पाणी मागे चढते आणि मागेही माणसे राहतात. १९९७ मध्ये दरवाज्यांच्या वरच्या अंगाची काही वस्ती बुडाली. शहर वाचवायला आम्हाला बुडवले, हा त्यांचा आरोप निराधार नव्हता. त्यातून २००४ मध्ये कायदा झाला. दरवाज्यांमुळे पाणी नैसर्गिक पातळीच्या वर चढले तर त्याची भरपाई सरकारने द्यायची. दक्षिणेकडच्या मॉरिस, एमर्सन अशा गावांभोवती १९६६ च्या पुरानंतर गोल बांध घातले आहेत. पूर आला की हमरस्त्याची तोंडे मातीने बुजवतात आणि गाव काही आठवडे बेट होऊन बसते. फार्गोला २००९ मध्ये पाणी ४०.८४ फुटांपर्यंत गेले. तिथेही आता सुमारे ५० किलोमीटरच्या वळण-कालव्याचे काम चालू आहे.

कालवा पूर वळवतो, पाण्यातले खत मात्र नाही. सरोवरात जाणाऱ्या एकूण पाण्यात रेडचा वाटा लहान आहे, पण तिथे पोचणाऱ्या फॉस्फरसपैकी निम्म्याहून अधिक तीच आणते. शेतातून आणि शहरांच्या सांडपाण्यातून. उन्हाळ्यात विनिपेग सरोवरावर हिरव्या शेवाळाचे तवंग पसरतात. या दुखण्याला डफ रॉब्लिन अजून मिळालेला नाही.

प्रश्न : मग सांगलीला असा कालवा का काढत नाहीत?

उत्तर : तुमच्या पत्राचा खरा हेतू हाच असावा. माझे मत सांगतो. विनिपेगला तीन गोष्टी अनुकूल होत्या, त्या सांगलीला नाहीत. एक, वेळ. तिथे बर्फ किती साठला हे फेब्रुवारीतच मोजता येते आणि पुराची लाट दक्षिणेकडून यायला आठवडे लागतात. कृष्णेच्या खोऱ्यात सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस आणि कोयनेचा विसर्ग सांगलीला पोचायला फार वेळ घेत नाही. दुसरी, जागा. विनिपेगच्या पूर्वेला त्या काळी मोकळी शेते होती. सांगलीभोवती उसाचे फड आणि एकाला लागून एक गावे आहेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पाणी परत सोडायचे ठिकाण. वळवलेले पाणी शहराच्या खाली जिथे नदी ते सहज घेऊ शकेल तिथे सोडावे लागते. सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. पुरात त्या स्वतःच तुडुंब असतात आणि कृष्णेला मागे रेटतात. तिथे आणखी पाणी नेऊन ओतणे म्हणजे सांगलीचे दुखणे शिरोळला देणे.

विनिपेगच्या कालव्यापेक्षा ग्रँड फोर्क्सचा मोकळा पट्टा सांगलीला जास्त लागू पडतो. आपल्याकडे जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा नियम आहे. त्याचे काय होते ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीने पाहिले. घर घेणार असाल, विकणार असाल किंवा नुसते वर मजला चढवणार असाल, तर ते या दोन रेषांच्या कुठल्या बाजूला येते हे आधी पाहून घ्या आणि नगरसेवकालाही तेच विचारा.